बाण मागे लागला: मिशिगनमधल्या एका जखमी हरणाच्या शोधाचं प्रकरण

दक्षिण मिशिगनच्या जॅक्सन काउंटीत, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्या शेजाऱ्याने संध्याकाळी सव्वासहाला मचाणावरून एका नर हरणावर बाण सोडला. तो छातीत लागायला हवा होता, लागला पोटाकडे. हरीण झाडीत शिरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहापर्यंत आमच्यापैकी कोणीही त्याच्या मागे गेलं नाही. मधल्या सोळा तासांत पाऊस पडून गेला, कायोटी (तिकडचे कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) ओरडले आणि घरातल्या घरात चांगली बाचाबाची झाली. जखमी जनावराच्या शोधाच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात तेव्हा त्यात टॉर्च असतो, रक्ताचे थेंब असतात, कुत्रा असतो. या प्रकरणात मात्र सगळं फिरलं ते टॉर्च बंद करून घरी जायच्या निर्णयावर, म्हणून लिहिताना माझा जास्त वेळ तिथेच जाणार आहे.

मराठी वाचकाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. मिशिगनमध्ये गणित वेगळं आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची, म्हणजे व्हाइटटेलची, संख्या इतकी आहे की नुसत्या गाड्यांना हरणं धडकून होणारे अपघात वर्षाला ५० हजारांच्या वर जातात. लांडगे उरले आहेत ते उत्तरेकडच्या भागात. त्यामुळे सरकारच परवाने देतं, हंगाम ठरवतं आणि प्रत्येक मारलेल्या हरणाची नोंद मागतं. धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, बंदुकीचा १५ नोव्हेंबरला. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. पण परवानगी असलेल्या ठिकाणी बाण चुकीचा लागला की पुढे काय करायचं, हा प्रश्न पटण्या न पटण्याच्या पलीकडचा आहे. तिथे एक जनावर जखमी होऊन पडलेलं असतं आणि त्याची जबाबदारी कोणावर तरी असते.

बाण

शेजारी निवृत्त मशीन ऑपरेटर. वर्षानुवर्षं धनुष्य वापरणारा, हात स्थिर, सराव नियमित. मचाण साधारण पाच मीटर उंच, ओकच्या झाडाला बांधलेलं. समोर सोयाबीनचं कापलेलं शेत, मागे आणि डावीकडे दलदल. हरीण २८ यार्डांवर, म्हणजे साधारण साडेपंचवीस मीटरवर आलं. चालत होतं, म्हणून त्याने तोंडाने हलकासा आवाज काढून त्याला थांबवलं. हरीण थांबलं, मान वर केली आणि मचाणाच्या दिशेने बघू लागलं. उजवा खांदा पुढे, अंग तिरपं, तोंड शिकाऱ्याकडे.

इथे दोन गोष्टी एकदम बिघडल्या. पहिली, कोन. हरीण आडवं उभं असेल तर खांद्याच्या मागच्या घडीवर नेम धरला की बाण दोन्ही फुफ्फुसांतून जातो. तेच हरीण तिरपं आपल्याकडे तोंड करून उभं असेल तर त्याच घडीतून आत शिरलेला बाण मागे सरकत यकृताकडे आणि जठराकडे निघतो. दुसरी, सावधपणा. त्याचा बाण सेकंदाला सुमारे २७० फूट, म्हणजे ८२ मीटर जातो. साडेपंचवीस मीटर कापायला त्याला ०.३१ सेकंद लागतात. दोरी सुटल्याचा आवाज तेच अंतर ०.०८ सेकंदांच्या आत पार करतो. म्हणजे मान वर करून कान टवकारलेल्या हरणाला जवळजवळ पाव सेकंद मिळतो. पळायला निघालेलं हरीण उडी घेण्याआधी पाय दुमडून खाली बसतं, आणि पाव सेकंदात ते हातभर नाही, पण वीतभर खाली जाऊन अंग वळवू शकतं. हॉलेस ॲलन यांना कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं बसवलेल्या, धनुष्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. तेव्हापासून बाण खूप वेगवान झाले, पण आवाजाच्या पुढे एकही गेलेला नाही. सावध हरणावर लांबून बाण सोडताना हा हिशेब कोणतंही महागडं धनुष्य बदलू शकत नाही.

बाण उजव्या बाजूने शेवटच्या फासळ्यांजवळ शिरला आणि आरपार गेला. शेजाऱ्याला ‘टप्प’ असा पोकळ आवाज आला. हरणाने पाठ कमानीसारखी वर काढली, शेपूट दोन पायांत घातली, दहा-बारा उड्या मारल्या आणि मग चालायला लागलं. दलदलीच्या कडेला क्षणभर थांबलं आणि लाल फांद्यांच्या झुडपांत दिसेनासं झालं.

हे शेवटचं वाक्य त्याने मला फोनवर तीनदा सांगितलं. त्याला वाटत होतं, चालत गेलं म्हणजे लांब गेलं नसेल, लगेच सापडेल. अनुभवी माणूस असं कसं म्हणतो याचं मला नवल वाटलं नाही. त्या क्षणी कोणालाही असंच ऐकायचं असतं. फुफ्फुसांत बाण लागलेलं हरीण बहुतेक वेळा मागचे पाय झाडून सुसाट पळतं आणि काही सेकंदांत कोसळतं. पाठ वाकवून, शेपूट खाली घालून चालत जाणारं हरीण पोटात लागल्याची खूण देतं.

बाणावर काय होतं

मी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली होती. शेजारी मचाणावरून उतरून खाली बसून होता, त्याचा भाचा टॉर्च घेऊन उभा. ठरलं ते एवढंच की बाण जिथे लागला त्या जागी आवाज न करता जायचं, बाण उचलायचा, जागेवर खूण करायची आणि परत यायचं.

बाण गवतात आडवा पडला होता. त्याच्या मागच्या टोकाचा हिरवा दिवा जळत होता, त्यामुळे शोधावा लागला नाही. पिसांच्या खाचांत, म्हणजे आता प्लास्टिकची असतात त्या पिसांच्या, हिरवट-तपकिरी भरडा अडकलेला होता. अर्धवट चावलेली पानं आणि ओकच्या फळांचे कण स्पष्ट दिसत होते. वास तर हातभर अंतरावरूनच आला. पांढऱ्या टिश्यू पेपरवरून बाण ओढला तेव्हा आधी हिरवा पट्टा उमटला आणि त्याच्या खालून गडद, जांभळाच्या रसासारखं काळसर रक्त. फेस नाही, बुडबुडे नाहीत, गुलाबीपणा अजिबात नाही.

या एका कागदावर बरंच काही लिहिलेलं असतं. फुफ्फुसाचं रक्त उजळ, गुलाबीसर आणि हवेच्या बुडबुड्यांनी फेसाळलेलं येतं. स्नायूचं लालभडक पण बिनफेसाचं. यकृताचं काळसर लाल. हिरवा भरडा आणि वास म्हणजे पोट. त्यातही कण जाडे असतील तर पहिलं मोठं जठर आणि बारीक, चिकट, जास्त घाण वासाचा माल असेल तर आतडी. आमच्याकडे जाडा भरडा आणि काळसर रक्त दोन्ही होतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं यकृत उजवीकडे असतं आणि मोठं जठर डावीकडे. बाण उजवीकडून शिरला होता. म्हणजे वाटेत यकृताला चाटून किंवा भोसकून जठरात गेला आणि डाव्या कुशीत खालून बाहेर पडला, असं चित्र जुळत होतं. जमिनीवर केसांचा पुंजका होता. त्यात काळ्या टोकांचे तपकिरी केस शिरतानाचे, आणि थोडे पांढरे, जाड, बहुधा खालच्या बाजूने निघतानाचे.

रक्त जवळजवळ नव्हतंच. दहा-बारा पावलांवर एका पानावर एक थेंब. भाच्याला पुढे आणखी चार थेंब दिसले, पण ते मॅपलच्या पानांवरचे लाल डाग निघाले. ऑक्टोबरात हा घोटाळा नेहमीचा. त्याच्या खिशात हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली होती, तिचे दोन शिंतोडे मारले. रक्ताच्या थेंबावर फेस आला, बाकीच्या डागांवर काही नाही. मी तिथे कागदाची पट्टी बांधली आणि सगळे मागे फिरलो.

वाद

आता मुद्द्याची जागा. पुस्तकी हिशेब साधारण असा सांगितला जातो: फुफ्फुसांत लागलं तर अर्धा तास थांबा, यकृतात चार ते सहा तास, पोटात आठ ते बारा. पोटात लागलेलं हरीण रक्त वाहून लगेच मरत नाही. बाणाचं भोक आतल्या चरबीने आणि आतड्याने बुजतं, रक्त आतच साचतं, जठरातला माल पोटाच्या पोकळीत सांडून विष पसरतं. याला तास लागतात. पण त्याला दुखत असतं, तहान लागते, आणि कोणी मागे लागलं नाही तर ते शे-दोनशे मीटरच्या आत आडोसा बघून बसतं. उठवलं तर मात्र भीतीच्या भरात किलोमीटरभर जाऊ शकतं, मागे एक थेंबही न टाकता.

हे सगळ्यांनाच माहीत होतं. तरीही वाद झाला, कारण हवामान. रात्री तीनच्या पुढे पाऊस सांगितला होता. भाचा म्हणाला, “पाऊस पडला की माग धुऊन जाईल, मग सकाळी काय शोधणार?” शेजाऱ्याचा तोडगा मधला होता: बाणावर यकृताचं रक्त आहे, मग सहा तास थांबू, मध्यरात्री बारा-साडेबाराला जाऊ. पावसाच्या आधी काम होईल.

हा मधला तोडगा मूर्खपणाचा नव्हता, म्हणूनच तो धोक्याचा होता. त्यात पुराव्याचा आधार होता, वेळेचा हिशेब होता आणि शिवाय काहीतरी करत असल्याचं समाधान. मला त्यात खटकलं ते एवढंच की पावसाचा धाक ज्या रक्तासाठी दाखवला जात होता ते रक्त मुळात जमिनीवर नव्हतंच. पहिल्या पन्नास पावलांत एक थेंब. पावसाने धुऊन जाईल असं तिथे फारसं काही उरलेलं नव्हतं. फुफ्फुसाचा बाण असता, पानापानावर शिंतोडे असते, तर पावसाचा मुद्दा मी डोक्यावर घेतला असता.

मग शेजाऱ्याने कुत्रेवालीला फोन लावला. अमेरिकेत जखमी हरणाचा माग काढणारे कुत्रे पाळणाऱ्यांच्या संघटना आहेत. युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संस्थेच्या यादीत राज्यवार नंबर मिळतात. ही बाई तासाभराच्या अंतरावर राहते, पन्नाशीच्या पुढची, आवाज कडक. तिने आधी प्रश्नच विचारले. बाण लागल्यावर पाठ वाकवली का? शेपूट वर होती की खाली? पळालं की चाललं? तुम्ही किती आत गेलात? बाणावरच्या मालाचा वास घेतलात का? शेवटचा प्रश्न तिने दोनदा विचारला.

दोन अवयवांची खूण दिसते म्हटल्यावर ती म्हणाली, “दोन घड्याळं असली की सावकाश चालणारं धरा. यकृत किती कापलंय हे तुम्हाला ठाऊक नाही. नुसती कड चाटून गेली असेल तर ते रात्री बाराला जिवंत असेल आणि तुमचे दिवे बघून उठेल. पाऊस पडू द्या. माझी कुत्री नुसत्या रक्तावर चालत नाही.”

तिच्या शेवटच्या वाक्याने वाद मिटला. हरणाच्या खुरांच्या मध्ये ग्रंथी असतात. प्रत्येक पावलागणिक त्यांचा वास जमिनीवर लागतो आणि तो त्या-त्या हरणाचा वेगळा असतो. शिकवलेला कुत्रा रक्त, पोटातला माल आणि हा खुराचा वास एकत्र धरून चालतो. हलका पाऊस त्याला फारसा आड येत नाही, उलट ओल्या जमिनीत वास टिकतो. मिशिगनमध्ये असा कुत्रा वापरायला परवानगी आहे, फक्त तो दोरीवर हवा.

राहिला प्रश्न मांसाचा. तापमान रात्री तीन अंशांवर जाणार होतं. दहाच्या वर असतं तर हिशेब बदलला असता. पोट फुटलेलं जनावर उबदार रात्री सकाळपर्यंत वाया जातं. तीन अंशांत चालण्यासारखं होतं. कायोटींचं काय, याला कोणाकडे उत्तर नव्हतं. पलीकडच्या ओढ्याकडून ते साडेनऊला ओरडायला लागले तेव्हा शेजारी उठून खिडकीपाशी गेला आणि परत येऊन बसला. बोलला काही नाही.

कुंपण

आणखी एक अडचण रात्रीच समोर आली. हरीण गेलं त्या दिशेला दीडशे मीटरवर दुसऱ्याची हद्द लागते. जखमी जनावराच्या मागे असलो तरी मिशिगनमध्ये मालकाच्या परवानगीशिवाय पाय टाकता येत नाही. बाण तुमचा, परवाना तुमचा, पण जमीन त्याची. कित्येक लोक ही परवानगी हरीण हद्दीपलीकडे गेल्यावर, रात्री अकराला, दार ठोठावून मागतात आणि मग नकार आला की चिडतात.

शेजाऱ्याने आठच्या सुमारास फोन केला. पलीकडचा शेतकरी म्हणाला, “ये की, पण सकाळी दहाच्या आत नको. मी स्वतः मचाणावर बसणार आहे. आणि कुत्रा दोरीवर ठेव, माझ्या गाई आहेत.” त्यामुळे बारा तासांचे सोळा झाले. भाच्याला हे फारच लागलं. माझ्या मते त्या शेतकऱ्याचं काही चुकलं नाही. त्याने परवानगी दिली, वेळ सांगितली, अट सांगितली. यापेक्षा जास्त कोणी कोणाला काय द्यायचं?

सकाळ

पाऊस तीनच्या पुढे आला आणि पहाटे थांबला. आमची कागदाची पट्टी भिजून फांदीला चिकटली होती, थेंब असलेलं पान सापडलंच नाही. डोळ्यांनी माग काढायचा असता तर खरंच काही उरलं नव्हतं, हे भाच्याच्या बाजूने मान्य करायला हवं.

कुत्री म्हणजे राठ केसांची डॅशहुंड, गुडघ्यापर्यंतही न येणारी. आखूड पाय, लांब अंग, गळ्यात रुंद पट्टा आणि मागे नऊ-दहा मीटरची केशरी दोरी. बाईने तिला बाण हुंगवला, बाण लागलेल्या जागी नेलं आणि दोरी सैल सोडून उभी राहिली. कुत्रीने दोन फेऱ्या मारल्या, नाक जमिनीला लावलं आणि निघाली. आम्हाला सांगितलं होतं: मागे राहा, मागावरून चालू नका, बोलू नका, आणि कुत्री चुकतेय असं वाटलं तरी बोलू नका.

ते वाटलंच. हरीण ज्या झुडपांत शिरताना दिसलं तिथून हरणांची एक जुनी पायवाट सरळ दलदलीत जाते. आम्ही तिघांनीही रात्री मनात तोच रस्ता धरला होता. कुत्री त्या वाटेवर वीस मीटर गेली, थांबली, मागे आली आणि डावीकडे वळली, सोयाबीनच्या शेताच्या कडेच्या चरात. शेजाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. बाईने ढिम्म लक्ष दिलं नाही.

चरात नव्वद मीटरवर पहिली बैठक सापडली. वाळलेलं गवत अंडाकृती दबलेलं, वरून झुकलेल्या झुडपामुळे पाऊस पुरता आत आला नव्हता. मधोमध तळहाताएवढा काळसर गोळा, थिजलेलं रक्त, आणि कडेला हिरवट माल. हरीण डाव्या कुशीवर बसलं होतं, म्हणून निघतानाची जखम खाली आली होती. बैठकीच्या दिशेवरून बाईने दाखवलं की तोंड आमच्याकडे, आलेल्या वाटेकडे होतं. जखमी हरीण बसतं ते मागे कोणी येतंय का हे बघत.

ही बैठक बाण लागलेल्या जागेपासून नव्वद मीटर. रात्री आम्ही पन्नासेक पावलं आत गेलो होतो. ते तेव्हा तिथे बसलेलं होतं असं मानायला हरकत नाही. भाचा आणखी शंभर पावलं टॉर्च मारत गेला असता तर ते उठलं असतं. आपणहून मात्र ते नंतर कधीतरी उठलं आणि पुढे गेलं. दुखण्याने जागा बदलली असावी.

पुढचा टप्पा संथ होता. कुत्री दोनदा अडखळली. एकदा चराच्या पाण्यापाशी, एकदा कुंपणाच्या तारेपाशी. तारेवर तीन केस अडकलेले होते. हद्द ओलांडली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पाणकणसाच्या कडेला, मचाणापासून सरळ रेषेत जेमतेम १८० मीटरवर, दुसरी बैठक आणि त्यातच हरीण. मेलेलं.

कायोटींनी मागची उजवी मांडी फाडली होती. फार नाही, पण त्या मांडीतलं अर्धं मांस गेलं. पाय ताठ, डोळे धुरकट, पोट फुगलेलं. शेजारी त्याच्यापाशी गुडघे टेकून बसला आणि पहिल्यांदा बाणाची जखम बोटाने चाचपली. “एवढं मागे?” असं म्हणाला.

उघडल्यावर

पोट फाडताना वाऱ्याच्या दिशेने उभं राहायचं नाही, एवढं शहाणपण सगळ्यांना होतं. जठराला आरपार भोक. यकृताच्या मागच्या कडेला दोन बोटं लांबीचा काप, तोही खोल नाही. पोकळीत काळं रक्त आणि हिरवा माल मिसळून साचलेला. छातीच्या पोकळीत आतून अजून ऊब होती.

या उबेवरून मृत्यूची वेळ सांगता येत नाही. हरणाच्या हिवाळी केसांत आणि फुगलेल्या पोटात उष्णता तासन्‌तास टिकते, आणि पूर्ण ताठलेलं अंग काही तास उलटल्याचं सांगतं. माझा अंदाज मध्यरात्रीच्या पुढचा आहे, कारण यकृताचा काप किरकोळ होता आणि दोन बैठका लागल्या. म्हणजे शेजाऱ्याच्या मधल्या तोडग्याप्रमाणे साडेबाराला दिवे घेऊन गेलो असतो तर ते बहुधा जिवंत सापडलं असतं. सापडलं असतं म्हणजे, उठून गेलं असतं. हे सिद्ध करता येणार नाही. पण यकृताच्या खुणेवर घड्याळ लावणं चूक ठरलं असतं, एवढं त्या दोन बोटांच्या कापाने दाखवलं.

उलट बाजूही मांडायला हवी. थांबण्याची किंमत लागली. अर्धी मांडी कायोटींनी नेली. पोटाच्या आतल्या बाजूच्या, कण्याखालच्या मऊ मांसाच्या दोन्ही पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या, त्या टाकल्या. कुशीचं मांस टाकलं. पाठीवरच्या लांब पट्ट्या, पुढचे खांदे आणि डावी मांडी चांगली निघाली. आतडी काढल्यावर साधारण साठ किलो भरेल असं जनावर, त्यातलं खाण्याजोगं नेहमीपेक्षा बरंच कमी मिळालं. आणि हरणाने किती तास सोसलं, हा हिशेब वेगळाच. तो कोणत्याही निर्णयाने शून्य झाला नसता, कारण तो बाण सुटला तेव्हाच सुरू झाला होता. मागे लागून उठवण्याने तो फक्त लांबला असता.

असं किती वेळा होतं? मेरीलँडमधल्या इंडियन हेड इथल्या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळातल्या धनुष्यबाणाच्या शिकारीच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे शिकारी आधी नेमबाजीची परीक्षा पास झालेले होते, तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास सापडली नाहीत. परीक्षा पास झालेल्यांचा आकडा एवढा असेल तर गप्पांमध्ये “माझं एकही सुटलेलं नाही” म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. शेजारी तसं कधी म्हणाला नाही, ही त्याची जमेची बाजू.

त्याच्या बाणाबद्दल माझं मत मी त्याला त्याच दिवशी सांगितलं. वारा, अंतर, सराव यांत काही खोट नव्हती. थांबवण्यासाठी काढलेला आवाज आणि त्यानंतरचा तिरपा कोन, या दोन्हींनंतर दोरी सोडायला नको होती. हरीण चरत चरत पुढे गेलं असतं तर अर्ध्या मिनिटात आडवं झालं असतं, किंवा निघून गेलं असतं. त्याने मान डोलावली आणि विचारलं की आवाज न काढता चालत्या हरणावर बाण सोडला असता तर बरं झालं असतं का. नसतं. चालत्या हरणावर बाण हमखास मागे लागतो. त्याला हेही माहीत होतं, नुसतं माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

बाकीचं काम रुटीन. २०२२पासून मिशिगनमध्ये मारलेल्या हरणाची नोंद ७२ तासांत ऑनलाइन करावी लागते, ती त्याने तिथेच फोनवर केली. जंगली हरणांमधला सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग राज्यात २०१५मध्ये शेजारच्याच इंगहॅम काउंटीत पहिल्यांदा आढळला, म्हणून डोकं तपासणीला द्यायचं ठरलं आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवलं. पलीकडच्या शेतकऱ्याला पाठीच्या पट्टीतला एक तुकडा द्यायची बोलणी झाली; त्याने आधी तपासणीचा कागद दाखव, मग आण, असं सांगितलं.

बाईने पैसे घेतले नाहीत. पेट्रोलचे घ्या म्हटलं तेव्हा वीस डॉलर घेतले आणि चारही पाय गुडघ्याखाली कापून द्यायला सांगितलं. तिच्याकडे आठ महिन्यांचं पिल्लू आहे. हे खुर खास बुटांच्या तळाला बांधून ती स्वतः रानातून चालत माग टाकते, रात्रभर तो तसाच राहू देते आणि दुसऱ्या दिवशी पिल्लाला त्यावर सोडते. भाच्याने पाय कापून प्लास्टिकच्या पिशवीत भरले, पिशवीवर मार्करने तारीख टाकली आणि विचारलं की पुढच्या वेळी माग टाकायला मी आलो तर चालेल का.